दिंडोरीत कोण पितं?

वाईन हा मराठी मध्यमवर्गाचा कार्यक्रम आहे, सवय नव्हे. दारू माणूस एकटा पितो किंवा मित्रांबरोबर, आणि घरी येताना बडीशेप चघळतो. वाईन मात्र सहकुटुंब, दिवसाढवळ्या, फोटो काढत आणि 'हृदयाला चांगली असते म्हणे' असं एकमेकांना बजावत प्यायची असते. त्यासाठी नाशिक जिल्ह्यात जावं लागतं. घरी बसून प्यायलेली वाईन हिशेबात धरत नाहीत.

आमच्याकडे ही टूम साडूंनी काढली. साडू पूर्वी युरोपच्या सहलीला गेले होते. तिथे दुपारच्या जेवणाबरोबर सहलवाल्यांनी जो अर्धा पेला फुकट दिला, त्या भांडवलावर ते आजतागायत वाईनबद्दल बोलत आले आहेत. समोर ताक असलं तरी पेला उजेडात धरून बघतात. गंगापूर धरणाच्या काठच्या वाईनरीत सगळं जग जातं, म्हणून तिथे जायचं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. खऱ्या रसिकानं छोटं गाव पायी हिंडायचं असतं. आणि गाव ठरलं दिंडोरी, कारण सुला कंपनीच्या एका बाटलीवर त्यांनी 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' असं वाचलं होतं. ज्या गावाचं नाव बाटलीवर छापतात, त्या गावात पाणी तरी कोण पीत असेल, असा त्यांचा हिशेब.

दिंडोरीचं नाव ऐकताच माझ्या आत्यानंही पिशवी भरली. तिला दिंडोरी माहीत होती ती स्वामी समर्थांच्या केंद्रामुळे. बाटलीचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि साडूंना आरतीचं कोणी सांगितलं नव्हतं. कसारा घाट चढून होईपर्यंत दोघंही आपापल्या दिंडोरीबद्दल भरभरून बोलत होते आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकाच गावाला चाललो आहोत.

दिंडोरी नाशिकपासून साधारण 25 किलोमीटरवर, वणी-सप्तशृंगीच्या वाटेवर आहे. तालुक्याचं गाव जसं असतं तसं ते आहे: बसस्थानक, तहसील, मोबाईलची दुकानं, चहाच्या टपऱ्या आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून निवांत बोलणारी दोन माणसं. साडूंना दगडी गल्ल्या, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आणि अकॉर्डियन वाजवणारा म्हातारा अपेक्षित होता. प्रत्यक्षात क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या होत्या, आणि मागे फवारणीचा ब्लोअर लावलेले ट्रॅक्टर. 'ह्यात रस्टिक असं काहीतरी आहे,' साडू म्हणाले. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला.

इतिहासही इथे कमी नाही. सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांना दाऊदखान कुरेशीच्या मोगली फौजेनं 1670 च्या ऑक्टोबरात ह्याच वणी-दिंडोरीच्या टापूत गाठलं. महाराजांनी फौजेला हरवून लूट सुखरूप पुढे नेली. हल्ली शनिवारी-रविवारी मुंबईकर येतात, आणि लूट इथेच ठेवून जातात.

आधी केंद्रात गेलो, साडेदहाची आरती मिळाली. साडू डोळे मिटून शेवटपर्यंत उभे राहिले. बाहेर येताना आत्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, 'परतीला गाडी कोण चालवणार?' म्हणजे तिला एव्हाना सगळं कळलं होतं. तिथल्या तिथे, स्वामींच्या साक्षीनं, तिनं माझ्याकडून आजच्या दिवसाचं वचन घेतलं. त्यामुळे पुढचं सगळं मी शुद्धीवर राहून पाहिलेलं आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

आता गाव हिंडायचं. साडूंनी एका पानवाल्याला विचारलं, 'इथली लोकल वाईन कुठे मिळेल?' पानवाल्यानं चुना लावता लावता सांगितलं, 'वाईन पाहुणे पितात, साहेब. इथं ज्याला प्यायची तो पितो. पण वाईन पिऊन त्याला घरी जायला उशीर का झाला ते सांगता येत नाही.' साडूंना हे पटलं नाही. तेवढ्यात त्यांना रस्त्यापलीकडे ते दुकान दिसलं.

दुकान झकास होतं. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बाटल्या, बाटल्यांवर इंग्रजी लेबलं, त्यात हिरव्या-सोनेरी रंगाची उधळण. काउंटरवर चार-पाच माणसं कोपर टेकून गंभीरपणे बोलत होती. एकानं बाटलीचं बूच काढून वास घेतला, मान हलवली आणि ती शेजाऱ्याकडे दिली. 'बघा, म्हटलं नव्हतं!' असं म्हणून साडू रस्ता ओलांडून आत शिरलेसुद्धा. पाटीवर 'कृषी सेवा केंद्र' लिहिलेलं होतं, पण उत्साही माणूस पाटी वाचत नाही.

'बोर्डो आहे का?' साडूंनी विचारलं. एकदम वरच्या पायरीवरून सुरुवात करायची, हा त्यांचा स्वभाव.

'आहे ना,' दुकानदार म्हणाला. 'किती एकर?'

साडू थोडे थबकले. पण वाईनच्या मुलखात मोजमाप वेगळं असू शकतं, असा विचार त्यांनी केला असावा. 'आधी थोडी बघू.'

'रेडीमेड देऊ का घरी बनवता? माझं ऐका, मोरचूद आणि चुना वेगवेगळा घ्या. ताज्या केलेल्याला तोड नाही.'

'घरी बनवतात?'

'सगळेच बनवतात. एक टक्क्याचं करा.'

'एकच टक्का? मग चढणार काय?'

'चढायचं काय त्यात? पानावर बसलं पाहिजे. पण आत्ता कशाला? लवकर मोकळी झाली वाटतं बाग तुमची!'

काउंटरवरच्या एका पांढऱ्या टोपीवाल्या गृहस्थांना सगळ्यात आधी उलगडा झाला आणि ते पोट धरून हसले. साडूंचा बोर्डो फ्रान्सात होता, दुकानदाराचा ड्रममध्ये. गंमत अशी की दोघांचा पत्ता एकच आहे. 1882 च्या सुमाराला बोर्डोजवळच्या मेदोकमध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगानं सगळ्या बागा झोपल्या आहेत, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र टवटवीत आहेत. चौकशी केली तेव्हा कळलं, की जाणाऱ्या-येणाऱ्यांनी घड तोडून खाऊ नयेत म्हणून शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडतात. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. मिलार्देनं 1885 मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि आज दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याच्या तोंडी बोर्डो रोज असतो. फक्त तो प्यायचा नसतो.

साडू ओशाळून बाहेर यायला निघाले, पण मला ते दुकान सोडवेना. वाईनच्या गावात टेस्टिंग रूम असते म्हणतात, ती हीच. एक तरुण मोबाईलवर घडाचा फोटो दाखवत होता. घडावर राखेसारखं पांढरं होतं. 'भुरी,' दुकानदार एका नजरेत म्हणाला. 'माल किती दिवसांवर आहे?' 'पंधरा.' 'मग हे नको, ह्याचा पीएचआय बसत नाही. युरोपला जायचा ना माल?' फवारणी आणि तोडणी ह्यांच्यात किती दिवस गेले पाहिजेत, कुठल्या औषधाचा अवशेष किती राहतो, कुठल्या देशाला काय चालत नाही, हे तो माणूस तोंडपाठ सांगत होता. नेदरलँड्सच्या तपासणीबद्दल तो अशा जवळिकीनं बोलत होता, की ती त्याची सासुरवाडी असावी. 2010 मध्ये एका संजीवकाच्या अवशेषावरून युरोपनं आपली द्राक्षं अडवली होती, ते इथे कोणी विसरलेलं नाही.

टोपीवाल्या काकांनी आमच्यावर दया केली. 'चला माउली, बाग तरी बघा आमची.' काकांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. बागेत गेल्यावर पहिला धक्का साडूंना असा बसला, की घडांना वर्तमानपत्रं गुंडाळलेली होती. सकाळचा गारठा आणि दुपारचं ऊन ह्यांनी थॉमसन जातीचा मणी गुलाबी पडतो, मग व्यापारी भाव पाडतो, म्हणून कागद. साडूंनी वाकून एका घडावरचा अग्रलेख पूर्ण वाचला. दुसऱ्या घडावर राशिभविष्य होतं. काकांना विचारलं, कुठल्या पेपरानं माल जास्त गोड होतो? ते म्हणाले, 'पेपर कुठलाबी लावा, भाव व्यापारी छापतो तोच.'

पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायकांची टोळी कात्र्या चालवत होती. मणी किती मोठा झाला, ते बघायला काकांनी खिशातून मापाची कडी काढली. युरोपला 18 मिलिमीटरचा मणी आवडतो. त्यासाठी ऑक्टोबरात छाटणी, मग घड जीए नावाच्या संजीवकाच्या पाण्यात बुडवायचे, मग विरळणी, मग रात्रीचं जागरण, मग आभाळाकडे बघणं. डिसेंबरात निफाडकडे पारा घसरला की बागांत शेकोट्या पेटतात. फेब्रुवारीत एखादी गारपीट झाली की हे सगळं अर्ध्या तासात संपतं. हे सांगताना काकांचा सूर इतका शांत होता, की आमच्या मंडळींनी फोटो काढणं थांबवलं.

बागेच्या पलीकडच्या अंगाला काकांची दुसरी दुनिया होती. तिथे बुटक्या वेलींवर बारीक, काळसर, जाड सालीचे, बियांचे मणी. 'ही शिराज. कंपनीला देतो, करारावर.' ह्या द्राक्षांबद्दल काकांच्या मनात माया होती, आदर नव्हता. आयुष्यभर ज्यानं मणी फुगवायला घाम गाळला, त्याला कंपनीचा साहेब येऊन सांगतो, मणी लहानच पाहिजे, घड कमी ठेवा, पाणी तोडा. कारण वाईनचा रंग आणि चव सालीत असते. मणी लहान तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. 'आम्ही जे करायचं शिकलो, ते हितं करायचं नाही, हेच ह्यातलं शिक्षण,' काका म्हणाले. मग त्यांनी एक मणी तोंडात टाकला, बी दाताखाली फोडली, थुंकली आणि सांगितलं, 'आठ दिवस आहेत अजून. बी हिरवट आहे.' बी तपकिरी होऊन कडकडली की माल तयार. साखर मोजायचं यंत्र त्यांच्या दुसऱ्या खिशात होतं, ते त्यांनी नंतर काढलं. आकडा बघून मान डोलावली. यंत्राला बरोबर येतंय, असा भाव.

'तुमच्या द्राक्षांची वाईन लागते कशी?' साडूंनी विचारलं.

'मी माळकरी माणूस, माउली. मला काय ठाऊक? पोरगा पावती दाखवतो, ती गोड लागते.'

'मग हे... चालतं?' आत्याचा प्रश्न.

'आपण द्राक्षं देतो, आई. पुढं त्याचं काय करायचं ते त्यांचं कर्म. बेदाणा केला असता तर प्रसादात पडला असता.'

ह्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटतं, तिला तिच्या आवडीचं तत्त्वज्ञान बऱ्याच दिवसांनी भेटलं.

काकांनी चहा पाजला आणि जुनी गोष्ट सांगितली. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क काढला, आणि जो तो बाग मोडून वाईनच्या काड्या लावू लागला. मग 2008 ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि कंपन्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. उभा माल वेलीवर राहिला. बऱ्याच जणांनी वेली उपटून पुन्हा थॉमसन लावली. वाईनचा हँगओव्हर न पिता कसा येतो, ते ह्या भागाला विचारावं.

सरकारचं तरी ह्या बाबतीत कुठे नक्की आहे? आपल्याकडे वाईन करायला उत्तेजन देणारं धोरण आहे आणि 1949 चा दारूबंदीचा कायदाही आहे. दोन्ही एकाच मंत्रालयात सुखानं नांदतात. 2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा वाईन ही दारू आहे की नाही ह्यावर महाराष्ट्रानं महिनाभर वाद घातला. अण्णा हजारे उपोषणाला निघाले. निर्णय बाटलीतच राहिला. वाद मात्र अजून लग्नकार्यात निघतो, आणि पिणारे व न पिणारे दोघंही द्राक्ष शेतकऱ्याच्या कल्याणाच्या बाजूनंच बोलत असतात.

दुपार कलताना एकदाचे वाईनरीत पोचलो. मोठ्या स्टीलच्या टाक्या, त्यांवर तापमानाचे काटे. मार्गदर्शक मुलगा इंग्रजीत सुरू झाला. आत्यानं त्याला मध्येच थांबवून 'कुठला रे तू?' विचारलं. तो मोहाडीकडचा निघाला, आणि तिथून पुढे कार्यक्रम मराठीत झाला. किण्व साखर खातं, त्याचा अल्कोहोल होतो, असं त्यानं सांगितलं. आत्याला ह्यात नवं काही वाटलं नाही. ती तिच्या परीनं जन्मभर पिठं आंबवत आली आहे. 'थंडीत आमचं पीठ फुगत नाही, मग तुमचं कसं होतं?' तिनं विचारलं. मुलगा म्हणाला, 'आजी, पांढऱ्या वाईनला आम्ही मुद्दाम थंड ठेवतो. सावकाश आंबलं की वास उडून जात नाही.' आत्यानं हे मनात लिहून घेतलं. पांढऱ्या वाईनसाठी रस आधी पिळून साली काढून टाकतात आणि लालसाठी सालींसकट आंबवतात, हेही तिला पहिल्या झटक्यात कळलं. साडू ह्या वेळात ओकच्या पिंपाला टेकून फोटो काढून घेत होते.

मग टेस्टिंग. प्रत्येकापुढे पेले, पेल्यांत तळाशी दोन घोट. मधोमध थुंकायचं भांडं. भांड्याचा उपयोग समजल्यावर आत्या म्हणाली, 'पैसे देऊन घ्यायचं आणि थुंकायचं? त्यापेक्षा आमचं कळायच्या वयापासून न घेणं काय वाईट?' पण पेल्यांचे पैसे भरलेले, माणशी. वाया घालवणं तिच्या स्वभावात नाही. ती म्हणाली, 'वास घेतला तर चालेल ना? वासाला काही शास्त्रात...' नाही, असं सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं.

पहिली सोव्हिन्याँ ब्लाँ. साडूंनी पेला फिरवला, डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला आणि सांगितलं, 'फ्रुटी.' आत्यानं नुसतं नाक लावलं. 'पेरू आहे ह्यात. आणि ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसला वास.' मुलगा दचकला. ढोबळी मिरचीत जे वासाचं द्रव्य असतं, तेच सोव्हिन्याँ ब्लाँ आणि काबर्ने द्राक्षांतही असतं; हे शिकायला त्याला प्रशिक्षण घ्यावं लागलं होतं. 'ढोबळीचा वास मारणारी द्राक्षं आम्ही परत केली असती,' आत्यानं पुढे सांगितलं, पण तोवर तिचं नाव झालं होतं.

शिराझ आली. साडूंनी गंभीर होऊन 'बॉडी आहे,' एवढं सांगितलं. आत्या म्हणाली, 'मिरी. कोणीतरी मिरपूड सांडली आहे.' मुलानं टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. मिरीला मिरीचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझच्या सालीत खरोखरच असतं. पिंपात मुरलेल्या वाईनला तिनं 'लवंग, आणि नारळाच्या करवंटीजवळचा वास' सांगितला. ओकच्या लाकडातून नेमकं तेच उतरतं. शेजारच्या टेबलावरची तरुण मंडळी आपापले पेले घेऊन आत्याकडे आली. 'आजी, ह्यात काय आहे?' ती एकेकाचा पेला हुंगून सांगत होती आणि ते पिऊन 'अरे, हो!' म्हणत होते. एका मुलीला तिनं सांगितलं, 'तुझ्यात काही नाही, पेला नीट धुतलेला नाही.' तेही खरं निघालं.

साडू त्या दिवशी सगळे घोट प्यायले. पण त्यांना काय लागलं, ते त्यांना शेवटपर्यंत आत्याला विचारावं लागलं. येताना त्यांनी एक बाटली विकत घेतली, मागच्या सीटवर उभी ठेवली आणि तिला सीटबेल्ट लावून ते झोपले. आत्या जागी होती. रामशेजचा डोंगर उजवीकडे की डावीकडे, ह्यावर तिनं माझ्याशी वाद घातला, आणि टोपीवाल्या काकांनी बळेच दिलेली थॉमसनची परडी मांडीवर धरून ठेवली.

तुम्ही जाणार असाल तर फेब्रुवारीत जा. फ्रान्सची तोडणी सप्टेंबरच्या सुमाराला होते, आपली जानेवारी ते मार्च. ऑक्टोबरात गेलात तर छाटलेल्या काड्यांबरोबर फोटो काढावा लागेल. गाडी चालवणारा आधी ठरवा, आणि शक्य तर देवासमोर ठरवा. बरोबर स्वयंपाकात मुरलेलं एक नाक न्या. त्याला पाजायची गरज नाही. आणि बागेत गेलात तर घडाला हात लावण्याआधी मालकाला विचारा, कारण शेवटची फवारणी कधी झाली, ते त्यालाच माहीत असतं.